तेलगळतीनंतर कांदळवन किती मेलं? उपग्रह प्रतिमांवरून मोजण्याची पद्धत

नायजेरियातल्या रिव्हर्स राज्यात, ओगोनीलँडमध्ये बोडो नावाचं खाडीकाठचं गाव आहे. गावाजवळून जाणारी २४ इंची ट्रान्स-नायजर पाइपलाइन २००८ मध्ये दोनदा फुटली. पहिली गळती ७ नोव्हेंबर २००८ ला थांबली. दुसरी ७ डिसेंबरला सुरू झाली आणि २१ फेब्रुवारी २००९ पर्यंत चालली. पहिली गळती सुरू कधी झाली, यावर मात्र वाद आहे. गावकरी २८ ऑगस्ट म्हणतात, पाइपलाइन चालवणारी कंपनी ५ ऑक्टोबर. तेल किती सांडलं यावर तर त्याहून मोठा वाद झाला. प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं आणि जानेवारी २०१५ मध्ये ५.५ कोटी पौंडांवर तडजोड झाली. तोवर सुमारे १,००० हेक्टर कांदळवन गेलं होतं.

अशा वादात उपग्रहाचा उपयोग होतो, पण मर्यादित. तेल नक्की कुठल्या तारखेला सांडलं, हे ढगाळ नायजर डेल्टातून बहुतेक वेळा सांगता येत नाही. झाडोरा कुठे, किती आणि साधारण कुठल्या हंगामात मेला, हे सांगता येतं. खालची पद्धत बोडोसाठी मांडली आहे. मुंबईच्या खाडीसाठी त्यात काय बदलायचं, ते शेवटी दिलं आहे.

उपग्रहाला नेमकं काय दिसतं

उपग्रहाला तेल दिसत नाही, झाडाचं आजारपण दिसतं. इथपासून सुरुवात करायची. तेलातल्या हायड्रोकार्बनच्या खुणा १.७३ आणि २.३१ मायक्रोमीटरच्या आसपास अगदी अरुंद पट्ट्यांत असतात. लँडसॅट किंवा सेंटिनेल-२ या उपग्रहांचे रुंद बँड, म्हणजे तरंगलांबीचे पट्टे, त्या पकडत नाहीत, त्यासाठी अनेक अरुंद पट्टे टिपणारा हायपरस्पेक्ट्रल सेन्सर लागतो.

कांदळवनात तेल आलं की ते आधारमुळांवरच्या आणि श्वसनमुळांवरच्या छिद्रांवर बसतं. गाळात मुळातच प्राणवायू नसतो, त्यात वरची वाटही बंद होते. बॉनी लाइटसारखं हलकं तेल खेकड्यांच्या बिळांतून खोल उतरतं आणि मुळांना विषारी ठरतं. पानं पिवळी पडतात, मग गळतात. हे सगळं एका रात्रीत होत नाही. पानगळ काही आठवड्यांत सुरू होते, झाड पूर्ण मरायला सहा महिने ते वर्षभर किंवा जास्तही लागतं.

प्रतिमेत ते असं उमटतं: हरितद्रव्य घटल्यावर लाल प्रकाश जास्त परावर्तित होतो, पानं कमी झाल्यावर नियर इन्फ्रारेड (लालपलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) घसरतो आणि या दोहोंमधली रेड-एज नावाची चढण कमी तरंगलांबीकडे सरकते. पानातलं पाणी कमी झालं की शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड वाढायला हवा. पण झाडाखालचा गाळ ओला किंवा तेलानं काळा असेल तर तोच बँड उलट खाली जातो. म्हणून आर्द्रतेच्या निर्देशांकावर, म्हणजे बँडच्या आकड्यांवरून काढलेल्या मापावर, एकट्यावर भरवसा ठेवू नये.

पायरी १: तारखा आणि जागा आधी ठरवा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर तीन कालखंड लिहा: गळतीआधीचा, गळतीनंतर लगेचचा आणि वर्षभरानंतरचा. बोडोसाठी गळतीआधीचे तीन कोरडे हंगाम घ्या, नोव्हेंबर २००५ पासून फेब्रुवारी २००८ पर्यंतचे. एकच ‘आधीची’ प्रतिमा घेणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. ते वर्ष नेमकं चांगल्या पावसाचं निघालं तर पुढचं सगळंच नुकसान दिसू लागतं. डिसेंबर २००८ ते फेब्रुवारी २००९ हा लगेचचा कालखंड, आणि खरा हिशेब डिसेंबर २००९ ते फेब्रुवारी २०१० चा. दुसरी गळती फेब्रुवारीअखेर थांबल्यामुळे पहिल्या कोरड्या हंगामात निम्मी झाडं मरणाच्या वाटेवर असली तरी वरून हिरवीच दिसतात.

गळतीची ठिकाणं नायजेरियाच्या तेलगळती नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे नोसड्राच्या, खुल्या नकाशात मिळतात. ते अक्षांश-रेखांश डोळे मिटून वापरू नका. अंश-मिनिटं आणि दशांश यांची सरमिसळ झाली की बिंदू काही किलोमीटर सरकतो. प्रत्येक बिंदू पाइपलाइनच्या मार्गावर पडतो का, ते पाहा. नकाशासाठी मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम निर्देशक पद्धतीचा झोन ३२ उत्तर घ्या.

पायरी २: कुठला उपग्रह

२००८ साठी पर्याय कमी आहेत. सेंटिनेल-२ जून २०१५ मध्ये उडाला, लँडसॅट-८ फेब्रुवारी २०१३ मध्ये. पश्चिम आफ्रिकेवरच्या लँडसॅट-५ च्या प्रतिमा तुरळक आहेत. उरतो लँडसॅट-७: पाथ १८८, रो ५७ (लँडसॅट प्रतिमांच्या जाळ्यातला या जागेचा क्रमांक), दर १६ दिवसांनी एक फेरी, ३० मीटरचा पिक्सेल.

त्याचं दुखणं प्रसिद्ध आहे. ३१ मे २००३ ला त्याचा ओळी जुळवणारा भाग, स्कॅन लाइन करेक्टर, बंद पडला आणि तेव्हापासून प्रत्येक प्रतिमेतला सुमारे २२ टक्के भाग काळ्या तिरप्या पट्ट्यांत जातो. मधल्या भागात पट्ट्या जवळजवळ नसतात, कडांकडे त्या रुंद होत जातात. या पट्ट्या शेजारच्या पिक्सेलवरून भरून काढणारी साधनं भरपूर आहेत. चित्र सुंदर दिसतं, पण मोजमापासाठी ती वापरू नका, कारण भरलेला पिक्सेल म्हणजे अंदाज आणि अंदाजाचं क्षेत्रफळ कोर्टात टिकत नाही. पट्ट्या दर फेरीला थोड्या सरकतात. एका हंगामातल्या चार-पाच प्रतिमांचा मध्यक घेतला की बहुतेक जागा आपोआप भरते.

त्याबरोबर प्रत्येक पिक्सेलला किती वैध निरीक्षणं मिळाली याचा वेगळा थर बनवा. तीनपेक्षा कमी असतील तो पिक्सेल ‘माहिती नाही’ म्हणून बाजूला ठेवा. त्याला ‘नुकसान नाही’मध्ये ढकलू नका.

ढगांना उत्तर म्हणून जपानच्या आलोस उपग्रहाचं पालसार रडार जोडीला घ्या. त्याचे २००७ ते २०१० चे वार्षिक २५ मीटरचे मोझेइक, म्हणजे जोडून केलेल्या प्रतिमा, मोफत आहेत. आकडे डेसिबलमध्ये नेण्यासाठी मूळ आकड्याच्या वर्गाचा १० च्या पायाचा लॉग घ्या, त्याला १० नं गुणा आणि ८३ वजा करा. २००७ आणि २०१० मधला एचव्ही ध्रुवणाचा (आडवी लहर पाठवून उभी टिपलेली) फरक पाहा. फांद्या-पानांचा गठ्ठा कमी झाला की एचव्ही उतरतो. एचएच (आडवी पाठवून आडवीच टिपलेली लहर) मात्र फसवतो: पाण्यात उभी राहिलेली मेलेली खोडं आणि पाण्याचा पृष्ठभाग मिळून दुहेरी परावर्तन देतात, त्यामुळे जंगल मेलं तरी एचएच चढाच राहू शकतो.

पायरी ३: फक्त कांदळवनावर काम करा

गळतीआधीच्या कांदळवनाचा मास्क, म्हणजे बाकीची जागा झाकणारा थर, लागतो. २००० सालचा लँडसॅटवरून केलेला जागतिक कांदळवन नकाशा किंवा ग्लोबल मँग्रोव्ह वॉचचा २००७ चा थर चालतो. २०१० चा थर मास्क म्हणून घेतला तर जे मेलं ते मास्कमध्येच नसेल आणि नुकसान जवळजवळ शून्य येईल. ही चूक वाचायला हास्यास्पद वाटते, प्रत्यक्षात वारंवार होते.

मास्कची कड एक पिक्सेल आत घ्या, म्हणजे अर्धं पाणी-अर्धं झाड असे पिक्सेल गळतील. पण इथे अडचण आहे: तेल कडेलाच सर्वांत जास्त साचतं. २०१० च्या डीपवॉटर होरायझन गळतीनंतर लुइझियानातल्या बारातारिया उपसागराच्या दलदलीत तेल किनाऱ्यापासून सरासरी सुमारे ११ मीटरच आत शिरलं होतं. ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये एवढा पट्टा म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. बोडोत भरतीबरोबर तेल आतपर्यंत पसरल्यानं लँडसॅट पुरतो. नुकसान असं अरुंद असेल तर कड कापू नका, हेक्टरऐवजी बाधित किनाऱ्याचे किलोमीटर मोजा आणि १० मीटरची किंवा त्याहून बारीक प्रतिमा मिळवा.

पायरी ४: प्रतिमा स्वच्छ करणं

गुगल अर्थ इंजिन या उपग्रह प्रतिमांच्या ऑनलाइन मंचावर लँडसॅट कलेक्शन-२, लेव्हल-२ चा पृष्ठभाग-परावर्तन संच घ्या. क्यूए-पिक्सेल थरातल्या बिट १, ३ आणि ४ नं ढगाच्या कडा, ढग आणि सावल्या काढा.

आता मोजपट्टी. या संचातला आकडा ०.००००२७५ नं गुणून त्यातून ०.२ वजा केल्यावर खरं परावर्तन मिळतं. ‘निर्देशांक तर गुणोत्तर आहे, मोजपट्टी दोन्हीकडे सारखीच, कटून जाईल’ असं वाटतं. गुणक कटतो, वजाबाकी कटत नाही. दाट कांदळवनात नियर इन्फ्रारेड ०.३० आणि लाल ०.०३ धरा. खरा एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक, सूत्र पायरी ६ मध्ये) ०.८२ येतो. मोजपट्टी न लावता तोच कच्च्या आकड्यांवरून ०.३७ येतो, म्हणजे निरोगी जंगल मरायला टेकलेलं.

सेंटिनेल-२ मध्ये याचंच भावंड आहे. २५ जानेवारी २०२२ पासून त्याच्या आकड्यांत १,००० मिळवले जातात. जुने-नवे संच तसेच जोडले तर वरच्याच झाडाचा निर्देशांक ०.८२ वरून ०.५१ वर कोसळतो. एखाद्या आलेखात सगळी जंगलं जानेवारी २०२२ मध्ये एकदम आजारी पडलेली दिसली तर तेल शोधू नका, संचाच्या नावात ‘हार्मोनाइज्ड’ आहे का ते पाहा.

कोरड्या हंगामात सहारातून हरमॅटन वाऱ्याबरोबर धूळ येते. ढग नसले तरी धुरकटपणामुळे लाल बँड चढतो आणि निर्देशांक थोडा उतरतो. हा परिणाम पूर्ण काढता येत नाही. तो पायरी ६ मधल्या तुलनेत बराचसा कटतो, पण डोळ्यांना स्पष्ट धुरकट दिसणारी प्रतिमा आधीच वगळा.

पायरी ५: भरती-ओहोटी

कांदळवनाच्या कामात बिघाड होतो तो बहुधा इथेच. भरतीच्या वेळी विरळ झाडांखाली पाणी दिसतं, पाणी नियर इन्फ्रारेड गिळतं आणि निर्देशांक पडतो. ओहोटीला तोच तुकडा बरा दिसतो. नेमका विरळ, म्हणजे बाधित भाग यात सर्वांत जास्त हलतो.

लँडसॅट दर फेरीला एकाच घटकेला, सकाळी दहाच्या सुमारास जातो. त्या घटकेला पाणी किती असेल हे चंद्राच्या तिथीवर ठरतं. १६ दिवसांची फेरी आणि उधाण-भांगाचं सुमारे १४.८ दिवसांचं चक्र जवळपास जुळतं, त्यामुळे लागोपाठच्या दोन प्रतिमांत पाणी साधारण सारखंच सापडतं आणि मग हळूहळू सरकत साधारण सहा महिन्यांत पुन्हा जागेवर येतं. परिणामी एक अख्खा हंगाम भरतीकडे झुकलेला आणि दुसरा ओहोटीकडे झुकलेला असू शकतो. मध्यक घेऊन हा झुकाव जात नाही.

उपाय सोपा आहे. झाड नसलेल्या एका गाळाच्या सपाटीवर कायमचा पॉलिगॉन काढा. प्रत्येक प्रतिमेत त्यातला किती भाग पाण्याखाली आहे ते हिरवा वजा शॉर्टवेव्ह भागिले दोहोंची बेरीज या निर्देशांकावरून काढा. शून्याच्या वर ते पाणी. अर्ध्याहून जास्त सपाटी बुडालेली प्रतिमा वगळा. जवळच्या बॉनी बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी एकदा पडताळा घेतला तर उत्तम.

पायरी ६: निर्देशांक आणि तुलना

मुख्य निर्देशांक एनडीव्हीआय: नियर इन्फ्रारेड वजा लाल, भागिले दोहोंची बेरीज. दाट छत्रात तो लवकर तृप्त होतो, निम्मी पानं गळेपर्यंत फारसा हलत नाही. सेंटिनेल-२ उपलब्ध असेल अशा गळतीसाठी रेड-एजचा निर्देशांक जोडा, बँड ८-ए आणि बँड ५ वापरून. तो पिवळेपणा लवकर पकडतो. त्याचा पिक्सेल २० मीटरचा आहे, हे लक्षात असू द्या.

घसरण दिसली म्हणजे तेलामुळे झाली असं होत नाही. इंधनासाठी तोड, कमी पाऊस, धूळ, पाण्याची पातळी यांतलं काहीही कारण असू शकतं. म्हणून नियंत्रण जागा लागतात, कमीत कमी तीन. तीच जात, खाडीची तेवढीच रुंदी, वस्तीपासून तेवढंच अंतर, त्याच मास्कमधली आणि गळतीची नोंद नसलेली जागा. ओगोनीलँडमध्ये अशी जागा सापडणं कठीण. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०११ च्या अहवालात तिथलं प्रदूषण किती दूरवर पसरलं आहे ते नोंदवलंय. आंदोनीच्या बाजूची, समुद्राकडची कांदळवनं तपासून पाहावी लागतात. एक नियंत्रण जागा स्वतःच बाधित असेल तर तुमचं नुकसान कमी दिसेल. तिन्ही जागांचे आलेख एकमेकांसारखे चालतात का, ते गळतीआधीच्या वर्षांत बघून घ्या.

मग साधी वजाबाकी. समजा बोडोच्या तुकड्यात निर्देशांक ०.७८ वरून ०.४१ वर आला, म्हणजे ०.३७ नं घटला. नियंत्रण जागेत ०.७७ वरून ०.७२, म्हणजे ०.०५ नं. तेलाच्या खाती ०.३२ जातात. अहवालात हे तिन्ही आकडे द्या.

उंबरठा पुस्तकातून उचलू नका. नियंत्रण जागेतल्या पिक्सेलची वर्षागणिक घट-वाढ काढा, तिच्या प्रमाण विचलनाच्या तिपटीहून मोठी घट तेवढी ‘बाधित’ धरा. सुटे पिक्सेल गाळा. चार जोडलेले पिक्सेल, म्हणजे ०.३६ हेक्टर, ही किमान मर्यादा ठीक आहे.

पायरी ७: क्षेत्रफळ आणि पडताळणी

पिक्सेल मोजून ०.०९ हेक्टरनं गुणलं की आकडा येतो, पण तो कच्चा असतो. बाधित आणि अबाधित अशा दोन्ही गटांत किमान ५०-५० यादृच्छिक बिंदू टाका आणि ते अर्ध्या मीटरच्या व्यावसायिक प्रतिमेवर तपासा. तपासणाऱ्याला बिंदू कुठल्या गटातला आहे ते सांगू नका. गुगल अर्थच्या जुन्या प्रतिमा बघायला मोफत आहेत, मात्र तारीख नोंदवा. मेलेली कांदळवनं वरून राखाडी जाळीसारखी दिसतात, तोडलेली जागा सरळ कडांची असते. चुकीच्या प्रमाणावरून क्षेत्रफळ दुरुस्त करा आणि ‘इतके हेक्टर, कमी-जास्त इतके’ असंच लिहा.

बोडो परिसरात तेल चोरून गाळण्याच्या भट्ट्याही आहेत. त्यांनीही झाडं मरतात, पण नुकसान भट्टीभोवती काळ्या ठिपक्यासारखं असतं, खाडीच्या फाट्यांनुसार पसरत नाही. २०१२ नंतरच्या कालखंडासाठी व्हीआयआयआरएस या उपग्रह सेन्सरनं टिपलेले ३७५ मीटरचे आगीचे बिंदू वर टाकून पाहा.

पुढची वर्षं: हिरवं झालं म्हणजे सावरलं नाही

गळतीनंतर पाच-सात वर्षांनी निर्देशांक चढू लागतो आणि ‘निसर्ग सावरतोय’ असं लिहायचा मोह होतो. नायजर डेल्टात या हिरवेपणाचं एक कारण आहे निपा पाम. हा आशियाई ताड १९०६ मध्ये सिंगापूरहून कालाबारला आणला गेला. रायझोफोरा ही कांदळवनाची झाडं मेलेल्या मोकळ्या गाळावर तो भराभर बसतो आणि त्याचा निर्देशांक कांदळवनाच्या जवळपास असतो. बारीक प्रतिमेत त्याची पानं चांदणीसारखी पसरलेली ओळखू येतात. तिथून नमुने घेऊन सेंटिनेल-२ च्या रेड-एज आणि शॉर्टवेव्ह बँडवर वर्गीकरण करा, आणि निपाचं क्षेत्र वेगळ्या रकान्यात दाखवा. ओहोटीला गाळावर दिसणारं शेवाळही निर्देशांक थोडा उचलतं. म्हणून सावरल्याचा दावा रडारच्या एचव्हीशी ताडून पाहा. शेवाळाला खोड-फांद्या नसतात.

लँडसॅट-७ आणि ८ एकाच आलेखात जोडताना नियंत्रण जागेतल्या एकाच हंगामातल्या प्रतिमांवरून दोन्ही सेन्सरमधला फरक काढून जुळवा. लँडसॅट-८ चा आकडा थोडा वर असतो. न जुळवल्यास २०१३ मध्ये फुकटचं ‘पुनरुज्जीवन’ मिळतं.

मुंबईसाठी काय बदलतं

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडलं. ते उरण, घारापुरी, अलिबागच्या किनाऱ्यांपर्यंत पोचलं. पद्धत तीच, तपशील वेगळे. पाथ १४८, रो ४७, यूटीएम झोन ४३ उत्तर. ऐन पावसाळ्यातली गळती, म्हणून लगेचची प्रतिमा ढगांत जाते. नोव्हेंबर-डिसेंबर २००९ ची तुलना नोव्हेंबर-डिसेंबर २०१० शी करा. उन्हाळ्यातली प्रतिमा पावसाळ्यानंतरच्या प्रतिमेसमोर ठेवली तर तेल सांडूनही जंगल सुधारलेलं दिसेल. लँडसॅट-५ बरोबर राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या (एनआरएससी) भूनिधी पोर्टलवर भारतीय रिसोर्ससॅट-१ उपग्रहाच्या लिस-३ कॅमेऱ्याच्या २३.५ मीटरच्या प्रतिमा शोधा.

इथे नियंत्रण जागा निवडताना भरावापासून दूर राहा. ठाणे खाडीत आणि उरणकडे भराव आणि बांधबंदिस्तीमुळे पाणी अडूनही तिवरं मरतात, आणि प्रतिमेत दोन्ही मृत्यू सारखेच दिसतात. जहाजाचं जड इंधन तेल तिवरांच्या खोडाच्या खालच्या भागावर आणि श्वसनमुळांवर बसतं, वरचं छत्र कित्येक महिने हिरवंच राहू शकतं. त्यामुळे प्रतिमेत फरक न दिसलेल्या तुकड्यापुढे ‘नुकसान नाही’ लिहू नका. ‘छत्रात बदल आढळला नाही’ एवढंच लिहा, आणि तो तुकडा ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून पाहायच्या यादीत टाका.